बॅटरीला दोष देण्याआधी

आमचा रोबो व्हॅक्यूम एका चार्जवर सगळा फ्लॅट झाडून आपल्या जागेवर परतायचा. पुढे तो हॉलमध्येच मान टाकू लागला. सर्व्हिस सेंटरमध्ये त्याला न उघडताच निदान झालं : बॅटरी गेली, नवी टाका. नव्या बॅटरीची किंमत ऐकून मी यंत्र तसंच घरी आणलं आणि पालथं घालून तपासलं. बॅटरी ठणठणीत होती, रोग भलतीकडेच होता.

डबीतला केर रोज टाकला की यंत्र स्वच्छ राहतं, असं वाटतं. पण लांब केस आणि शिवणकामाचे दोरे डबीपर्यंत पोचतच नाहीत. ते गोल ब्रशच्या दोन्ही टोकांना, टोपणांच्या आत सरकतात आणि तिथे घट्ट कडं तयार होतं. पुढच्या छोट्या चाकाच्या आसाभोवतीही तेच. चाक फिरायचं थांबतं, नुसतं फरफटतं. मोटरला जोर लावावा लागतो, ती जास्त वीज ओढते आणि चार्ज लवकर संपतो. त्यात चार्जिंगच्या धातूच्या पट्ट्यांवर मळाचा थर बसला असेल, तर मुळात बॅटरी पुरती भरतच नाही. आमच्याकडे या तिन्ही गोष्टी एकदम झाल्या होत्या.

म्हणून आठवड्यातून एकदा रोबो बंद करा, डबी आणि, फरशी पुसणारा रोबो असेल तर, पाण्याची टाकी काढून ठेवा आणि मगच तो पालथा करा. ब्रश बाहेर काढा, टोकांची टोपणं निघत असतील तर काढा आणि छोट्या कात्रीने गुंता कापा. ओढू नका. पुढचं चाक बहुतेक यंत्रांत सरळ वर खेचलं की निघतं. बाजूच्या ब्रशला बहुधा एकच स्क्रू असतो, त्याखालीही केस सापडतील.

फिल्टर झटकून घ्या. धुण्याआधी मात्र माहितीपुस्तिका पाहा, कारण काही फिल्टर पाण्याने कायमचे बाद होतात. धुता येणारा असेल तर साबण लावू नका आणि किमान 24 तास सावलीत वाळवा. पावसाळ्यात तेवढ्यानेही भागत नाही, तेव्हा एक जादा फिल्टर घरात असू द्या. ओलसर फिल्टरवर धुळीचा चिखल होतो, वास येतो आणि ओल मोटरपर्यंत जाते.

यंत्राच्या खालच्या कडेला छोट्या काळ्या खिडक्या असतात. पायरी ओळखणारे सेन्सर ते हेच. त्यांच्यावर धूळ बसली की सपाट फरशीवरही रोबो बिचकून मागे फिरतो. महिन्यातून एकदा त्या आणि चार्जिंगच्या पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसा.

टाकीत फिनाईल घालू नका. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी बारीक छिद्रं बुजतात, म्हणून गाळलेलं नव्हे, आरओचं पाणी वापरा आणि काम झालं की टाकी रिकामी करा. घरात फरशी कापली, भिंती घासल्या किंवा रांगोळी विस्कटली, तर आधी झाडूच फिरवा. ती बारीक पूड फिल्टर लगेच कोंडते.

एवढं करूनही रोबो अर्ध्यावर थांबला, तरच बॅटरीचे पैसे मोजा. आणि तेव्हाही यंत्र तुमच्यासमोर उघडायला सांगा.