जखम दिसली, पण विचारले कोणी?



दंड फुगवून दाखवणाऱ्या मुलाला आपण सहज 'रॅम्बो' म्हणतो. हातात मशीनगन, कपाळाला पट्टी, समोर शत्रूंची रांग, एवढेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. हे चित्र मुख्यतः १९८५ नंतरच्या भागांतले आहे. १९८२ साली आलेला पहिला चित्रपट 'फर्स्ट ब्लड' मात्र वेगळा आहे. डेव्हिड मॉरेल यांच्या १९७२ च्या कादंबरीवरून दिग्दर्शक टेड कॉचेफ यांनी तो केला आणि सिल्वेस्टर स्टॅलोन यांनी त्यात जॉन रॅम्बोची भूमिका केली. मारामारीचा चित्रपट म्हणून तो बाजूला सारण्याआधी आज आपण त्याचा थोडा अभ्यास करू या.

कथा थोडक्यात

व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला रॅम्बो आपल्या जुन्या सोबत्याला भेटायला पायी निघतो. हातात एक फोटो आहे. घराशी पोहोचल्यावर कळते, मित्र कर्करोगाने गेला. युद्धात अमेरिकन सैन्याने जंगलांवर फवारलेल्या 'एजंट ऑरेंज' या विषारी रसायनाने त्याचा बळी घेतला होता. तुकडीतला आता एकटा रॅम्बोच उरला.

तो चालत पुढच्या गावात येतो. गावाचे नाव 'होप', म्हणजे आशा! तेथील शेरीफ टीझल त्याचे वाढलेले केस आणि सैनिकी कोट पाहतो, त्याला गाडीत घेतो आणि गावाबाहेरच्या पुलापलीकडे नेऊन सोडतो. रॅम्बोला फक्त काहीतरी खायला हवे होते. तो मागे वळतो आणि भटक्या म्हणून पकडला जातो. पोलीसचौकीत त्याचा छळ होतो. कोरड्या वस्तऱ्याने दाढी करण्यासाठी त्याला धरताच शत्रूच्या कैदेतल्या यातना त्याच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. तो पोलिसांना झुगारून जंगलात पळतो आणि एका माणसासाठी सगळी फौज गोळा होते.

दोन आंघोळी

चौकीच्या तळघरातील एक प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. आंघोळीसाठी रॅम्बोचा सदरा उतरवतात. अंगभर छळाचे जुने वण आहेत. एक तरुण पोलीस ते पाहून चमकतो, बोलूनही दाखवतो. पण दुसरा त्याला उडवून लावतो आणि आग विझवण्याच्या नळीचा जोरदार फवारा रॅम्बोवर सोडला जातो.

सेमिनरीत ग्रीक तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला होमरच्या 'ओडिसी'ची ओळख झाली. त्यातला ओडिसियसही युद्धावरून परतणारा सैनिक. वीस वर्षांनी तो भिकाऱ्याच्या वेषात स्वतःच्या घरी येतो. घरात ठाण मांडून बसलेले लोक त्याचा अपमान करतात. पण पेनेलोपी, त्याची पत्नी, त्याला न ओळखताही पाहुणा म्हणून त्याचे पाय धुवायला सांगते. म्हातारी दाई युरिक्लिया पाय धुऊ लागते आणि मांडीवरचा जुना वण हाताला लागताच त्याला ओळखते.

दोन्हीकडे पाणी आहे, दोन्हीकडे वण आहे. एका ठिकाणी वणावरून माणूस ओळखला जातो. दुसऱ्या ठिकाणी वण दिसतो आणि माणूस नाकारला जातो. आमच्या मते 'फर्स्ट ब्लड'चे सारे मर्म येथे आहे. ओडिसियसच्या घरीही पुढे रक्त सांडलेच. म्हणून ती कथा फार कोमल आहे असे समजू नये. परंतु तेथे निदान दोन हात असे होते, ज्यांनी आधी पाय धुतले.

कोणता प्रश्न?

चित्रपटाच्या नावाचा रोख 'पहिले रक्त कोणी काढले?' या प्रश्नाकडे आहे. रॅम्बो म्हणतो, त्यांनी. टीझल म्हणेल, त्याने कायदा मोडला. भांडणात आपण सारे हाच प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर सहसा भांडण वाढवते. 'ही जखम कशाची?' हा दुसरा प्रश्न मात्र गावात कोणीच विचारत नाही. कादंबरीतला टीझल स्वतः कोरियन युद्ध लढलेला आहे. ज्याला कळायला हवे होते, त्यालाही कळले नाही.

याचा अर्थ रॅम्बोची कृत्ये योग्य ठरतात असा नाही. तो गावाची नासधूस करतो, निरपराध दुकानदारांचे नुकसान करतो, टीझलला गोळ्या घालतो. दुःखामुळे माणसाचे वागणे समजते, पण दुखावलेल्या माणसालाही दुसऱ्यास दुखावण्याचा हक्क मिळत नाही. शेवटी तो बेड्या पत्करतो, हे योग्यच आहे. चित्रपटात एक उणीवही आहे: त्याच युद्धात होरपळलेल्या व्हिएतनामी जनतेची जखम त्यात जवळजवळ दिसत नाही.

उशिरा आलेला कान

अखेरीस कर्नल ट्राउटमन, ज्याने रॅम्बोला घडवले, त्याच्यासमोर उभा राहतो. रॅम्बोने पूर्वी त्याच्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला होता, पण भेट झाली नव्हती. आता हा धिप्पाड माणूस लहान मुलासारखा रडतो. सायगावमध्ये बूट पॉलिश करणाऱ्या मुलाच्या पेटीत स्फोट झाला आणि मित्र त्याच्या हातात मेला, हे सांगतो. तिकडे लाखो डॉलरची यंत्रे त्याच्या हवाली होती. इकडे गाड्या लावण्याचीही नोकरी टिकत नाही. कर्नल ऐकतो, जवळ बसतो, त्याला धरतो. त्यानंतर बंदूक लागत नाही.

कादंबरीत रॅम्बो मरतो. चित्रपटासाठीही तसा शेवट चित्रित केला होता, पण तो वापरला नाही. ते बरे झाले. मेलेल्या सैनिकाचे नाव दगडावर कोरता येते. जिवंत परतलेल्याला मात्र जेवायला वाढावे लागते, त्याचे ऐकावे लागते. युद्धानंतरच्या या मानसिक आघाताला अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली अधिकृत नाव दिले. तोवर सायगाव पडूनही पाच वर्षे झाली होती.

आपल्यासाठी

आपल्या गल्लीतही माणसे परत येतात: बोटीवरून, परदेशातून, इस्पितळातून, व्यसनमुक्ती केंद्रातून, तुरुंगातून. दार उघडताना आम्हीही आधी 'कोण? काय काम आहे?' असेच विचारतो, हे कबूल करतो. 'जेवलात का?' हा प्रश्न मागाहून सुचतो, कधी सुचतही नाही.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या घरात परतून आलेले, पण अजून 'घरी' न पोहोचलेले कोणी आहे का?
२. कोणाचा वण पाहूनही आपण गप्प राहिलो?
३. या आठवड्यात आपण कोणाचे, मध्ये न बोलता, अर्धा तास ऐकू शकू?