लूनाला दम लागतो तेव्हा

आमची लूना म्हणजे वडिलांनी मागे ठेवलेला वारसा. १९७२ साली कायनेटिकने ही ५० सीसीची गाडी बाजारात आणली. खरं तर ती इंजिन बसवलेली सायकलच, पॅडल मारून सुरू करायची आणि पेट्रोल संपलं तर पॅडल मारतच घरी यायचं. गेल्या वर्षी साताऱ्यात, समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे जाणाऱ्या चढावर तिला दम लागायला लागला. तिला बरं करायला मला दोन महिने लागले. त्यातला दीड महिना मी चुकीच्या जागी हात घालत होतो.

१. गाडी एकदम बंद पडली तर बरं असतं, निदान काहीतरी बिघडलंय हे कळतं. ताकद हळूहळू गेली की माणूस सबबी शोधतो. वारा समोरचा आहे, पेट्रोलमध्ये भेसळ आहे, आपलंच वजन वाढलंय (हे खरंही होतं). मला सगळ्यात जास्त फसवलं ते पॅडलनी. चढ आला की माझे पाय आपोआप फिरायला लागायचे. इंजिनाचं अर्धं काम मी करत होतो आणि ‘अजून छान चालते हो’ असं शेजाऱ्यांना सांगतही होतो.

२. कार्बोरेटर उघडता येतो, म्हणून तोच गुन्हेगार असतो असं नाही. मी तो तीनदा उघडला. तिसऱ्यांदा जेटमध्ये कचरा असणारच अशी खात्री बाळगून त्यात बारीक तार घातली. आत कचरा नव्हता, पण पितळेचं ते सुईएवढं भोक माझ्या तारेनं मोठं झालं. मग गाडी पेट्रोल ढोसायला लागली, प्लग काळाकुट्ट व्हायला लागला आणि एका बिघाडाचे दोन झाले. नवा जेट आणला. जेट हवेनं फुंकायचा असतो, तार घालायची नसते.

३. प्लग बोलतो हे खरं, पण त्याला कधी विचारायचं तेही कळावं लागतं. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ, बिस्किटाच्या रंगाचा असेल तर ठीक. एवढं मला पाठ होतं. पण मी अंगणात दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवायचो आणि मग प्लग काढून पाहायचो. गाडी अंगणात दमतच नव्हती, मग प्लग सांगणार काय? चढावर पूर्ण थ्रॉटल देऊन तिथेच इंजिन बंद करायचं आणि तिथेच प्लग काढून पाहायचा. रस्त्याकडेला बसून गरम प्लग फडक्यात धरून निरखणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात, तेही तेव्हा कळलं.

४. दुखणं मायेतून आलं होतं. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं आणि ते पेट्रोलबरोबरच जळतं. जुनी गाडी, थोडं जास्त ऑइल घातलं तर बिचारी टिकेल, या विचारानं मी वर्षानुवर्षं सांगितल्या मापाच्या दीडपट ऑइल ओतत होतो. जास्तीचं ऑइल पुरतं जळत नाही. त्याचा कार्बन होतो आणि धूर बाहेर जायच्या वाटेवर थरावर थर बसत जातो.

५. हे मला सांगितलं एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी, तेही एकही पाना हातात न घेता. त्यांनी गाडी चालू करायला लावली, सायलेन्सरच्या टोकामागे वीतभर अंतरावर तळहात धरला आणि म्हणाले, “धूर येतोय साहेब, पण धक्का नाही येत.” मग त्यांनी सायलेन्सर उतरवला आणि मला बॅटरीच्या उजेडात आत बघायला लावलं. सिलिंडरचं धूर सोडणारं भोक अंगठा जाईल एवढं असायला हवं होतं. तिथे करंगळी कशीबशी शिरली असती. पिस्टन वर आणून त्यांनी त्यानंच भोक झाकलं, म्हणजे खरवडलेलं आत पडणार नाही, आणि बांबूच्या कामटीनं कार्बन काढायला घेतला. वर्तमानपत्रावर काळ्या खपल्यांचा ढीग झाला. सायलेन्सर रात्रभर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवला. हुशारी दाखवत मी म्हटलं, हेडही टाकू या त्यात. “अ‍ॅल्युमिनियम आहे ते. सोडा खाऊन टाकेल,” एवढंच म्हणाले. मी गप्प बसलो.

६. तरीही गाडी पूर्ण सुटेना. माझा आता रिंगवर संशय होता, बोअर करावं लागेल असाही हिशोब मनात झाला होता. मेस्त्रींनी गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक हातानं फिरवलं. दीड फेरीत थांबलं. ब्रेक घासत होता. महिन्यापूर्वी, ब्रेक लागत नाही म्हणून, नट मीच आवळला होता. त्यांनी तो दोन आटे सैल केला. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, ते मला जरा जास्तच लागलं.

आता बोगद्याचा चढ ती एका दमात चढते. पाय मात्र अजून फिरतात.