प्रोजेक्टरच्या चित्रांतील काळा रंग

एका सोप्या प्रश्नानें आरंभ करूं. पांढऱ्या पडद्यावर प्रोजेक्टर काळ्या मांजराचें चित्र दाखवितो, तेव्हां तो काळा रंग येतो कोठून? दीप तर प्रकाश देतो, आणि काळा प्रकाश अशी वस्तु जगांत नाहीं. उत्तर असें कीं, काळ्या भागावर यंत्र शक्य तितका कमी प्रकाश पाडतें, व तेथें पडदा खोलींतील अंधाराइतकाच काळा दिसतो. खोलींत अंधार नसेल तर मांजर करडें दिसेल, मग यंत्र कितीही मोलाचें असो. चित्राची जुळणी करूं पाहणाऱ्यानें हें प्रथम ध्यानांत धरावें.

जुन्या जादूच्या कंदिलाच्या कारागिरांस ही गोष्ट पक्की ठाऊक होती. हॉलंडमधील शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स ह्यानें इ. स. १६५९ मध्यें अशा कंदिलासाठीं चित्रें रेखाटलीं. आपल्या कल्याण गांवच्या महादेवराव पटवर्धनांनीं १८९२ सालीं ‘शांबरिक खरोलिका’ ह्या नांवानें कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेवरील आकृतीभोंवतींचा भाग काळ्या रंगानें झांकून टाकण्याची रीत ह्या कलेंत होती. तेथून प्रकाश बाहेर पडत नसे व आकृति अंधारांतून पुढें आल्यासारखी वाटे. आपण मात्र भर दुपारीं खिडक्या सताड उघड्या ठेवतों आणि चित्र फिकें दिसलें म्हणून यंत्रास दोष देतों.

थोडें गणित करूं. ३००० ल्यूमेनचा प्रोजेक्टर ३ मीटर रुंद व २ मीटर उंच पडद्यावर सर्व प्रकाश टाकतो असें समजा. क्षेत्रफळ ६ चौरस मीटर, म्हणून दर चौरस मीटरास ५०० ल्यूमेन, म्हणजेच ५०० लक्स प्रकाश मिळाला. खिडक्यांतून व दिव्यांतून त्याच पडद्यावर १०० लक्स प्रकाश पडत असेल, तर चित्रांतील पांढरा भाग ६०० व काळा भाग १०० लक्स. प्रमाण अवघें सहास एक. आतां खिडक्यांचे पडदे ओढून बाहेरचा प्रकाश १० लक्सवर आणा. पांढरा ५१०, काळा १०. प्रमाण एक्कावन्नास एक! (यंत्रांतून काळ्या भागींही किंचित् प्रकाश झिरपतो, तो येथें सोडून दिला आहे.) गंमत अशी कीं, पांढरा भाग पूर्वींपेक्षां मंद झाला आहे, तरी चित्र कितीतरी जिवंत वाटतें. उलट, चित्राची रुंदी व उंची दोन्ही दुप्पट केल्यास तोच प्रकाश चौपट जागेवर पसरून १२५ लक्स उरतो. मोठें चित्र तें चांगलें चित्र, हा समज म्हणूनच खोटा.

हा प्रश्न केवळ शोभेचा नाहीं. नकाशांतील डोंगर व पठार ह्यांचे दोन तपकिरी रंग एकच दिसूं लागले, किंवा पेशींतील केंद्रक आजूबाजूच्या भागांत विरघळून गेलें, तर मागच्या बांकावरील मुलगा काय करतो? तो शेजाऱ्याच्या वहींतून उतरून घेतो आणि आपणांस समजलें नाहीं असें मानतो. वास्तविक त्याला दिसलेलेंच नसतें. शाळेंत तो मंद ठरतो व घरीं आईवडील शिकवणी लावण्याच्या विचारांत पडतात. त्यापूर्वीं कोणी तरी मागच्या बांकावर बसून पडदा पाहावा. पडद्याजवळचे दिवे मालवून मागचे चालू ठेवले, तर मुलांना लिहितांही येतें.

चित्र फिकें दिसलें कीं बहुतेकांचा हात मेनूमधील ‘डायनॅमिक’कडे जातो. पुष्कळ प्रोजेक्टरांत पाऱ्याच्या बाष्पाचा दीप असतो. त्याच्या प्रकाशांत हिरवा भाग भरपूर व तांबडा कमी. रंग खरे हवे असतील तर हिरव्यास आवरावें लागतें व त्यांत कांहीं उजेड खर्ची पडतो. ‘डायनॅमिक’मध्यें बहुधा हा आवर सैल सोडलेला असतो, उजेड वाढतो, पण पांढरा कागद हिरवट व माणसाचा चेहरा आजाऱ्यासारखा दिसतो. खिडक्या झांकणें अशक्यच असेल आणि नुसतीं अक्षरें दाखवावयाचीं असतील, तर ही निवड वावगी नव्हे. नकाशे व छायाचित्रें ह्यांसाठीं मात्र ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ बरें. रंगाच्या उष्णमानाचा पर्याय निराळा दिला असेल, तर ६५०० केल्व्हिनच्या जवळचा घ्यावा.

‘ब्राइटनेस’ व ‘कॉन्ट्रास्ट’ ह्या शब्दांनीं मोठाच घोटाळा माजविला आहे. पहिला मुख्यत्वें चित्राचा काळा भाग वरखालीं करतो, दुसरा पांढरा. संगणकावर ०, १७, ३४ असें चढत २५५ पर्यंत, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सोळा पट्ट्यांचें एक चित्र करा. प्रथम ‘ब्राइटनेस’ इतका ठेवा कीं, अगदीं काळी पट्टी व तिची शेजारीण जेमतेम वेगळ्या ओळखूं याव्यात. मग ‘कॉन्ट्रास्ट’ वाढवीत न्या. सर्वांत उजळ दोन पट्ट्या एक होऊं लागल्या कीं थोडें मागें या. एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतो, म्हणून दोन्ही पुन्हां तपासा. ‘शार्पनेस’ फार वाढविल्यास अक्षरांभोंवतीं पांढरी कड उमटते. चित्र वर रुंद व खालीं अरुंद पडत असेल, तर मेनूंतून तें सरळ करण्यापूर्वीं यंत्रच समपातळींत ठेवून पाहावें. मेनूंतील दुरुस्तींत चित्राचे कांहीं बिंदु वायां जातात.

ही जुळणी दीप लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांनीं करावी. घरीं प्रोजेक्टर आणणाऱ्या पालकांनीं आणखी एक गोष्ट जाणावी: पाऱ्याच्या दिव्याच्या आयुष्याचे जे तास छापलेले असतात, ते बहुधा उजेड निम्मा होईपर्यंतचे. म्हणजे वरच्या उदाहरणांतील ५०० लक्स कालांतरानें २५० होतात, आणि उघड्या खिडक्यांच्या खोलींत सहास एक हें प्रमाण साडेतीनास एक इतकें उतरतें. म्हणून पट्ट्यांचें तें चित्र जपून ठेवावें, आणि जूनमध्यें शाळा उघडतांना व दिवाळीच्या सुटीनंतर वर्गनायकानें तें पडद्यावर लावून मागच्या बांकावरून पट्ट्या मोजाव्यात.