पडीक शेतावर पुन्हा गवताळ माळ

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी पूर्वी उंच गवताची विस्तीर्ण माळराने होती. त्यांना तिकडे ‘प्रेअरी’ म्हणतात. तेथील काळी, सुपीक माती या गवताच्या मुळांनीच घडविली. एकोणिसाव्या शतकात पोलादी नांगर आला आणि बहुतेक माळ शेतीखाली गेला. गेलेला माळ पुन्हा उभा करता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी प्रत्यक्ष कामाने शोधले, त्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ थिओडोर स्पेरी हे एक प्रमुख होत.

प्रेअरीतील वनस्पतींची मुळे हा स्पेरी यांच्या अभ्यासाचा विषय होता. १९३६ साली मॅडिसन येथे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वनस्पती-उद्यानात त्यांची नेमणूक झाली. त्यांच्याकडे आलेली ६० ते ७० एकर जमीन अनेक वर्षे नांगरलेली व पुढे घोड्यांनी चरलेली होती. ते वर्ष अवर्षणाचे होते. मदतीस मंदीमुळे बेकार झालेले तरुण होते. उरल्यासुरल्या माळांतून त्यांनी मातीसकट ठोंब खणून आणले, बी गोळा केले आणि कोणती वनस्पती कोठे लावली याचे नकाशे ठेवले. १९४१ पर्यंत हे काम चालले. पुढे स्पेरी यांनी कॅन्सास राज्यात पिट्सबर्ग येथे वनस्पतिशास्त्र शिकविले. १९९५ साली ते निवर्तले.

लावणी झाली, तरी परकी ‘ब्लू ग्रास’ हटेना. तेव्हा जॉन कर्टिस व मॅक्स पार्च यांनी लहान वाफ्यांवर आगीचे प्रयोग केले व १९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ब्लू ग्रास वसंताच्या आरंभीच फुटते. त्या वेळी प्रेअरीचे गवत जमिनीखाली सुप्त असते. म्हणून वेळ साधून लावलेली आग पहिल्यास मारक, दुसऱ्यास तारक ठरते. हा माळ आज ‘कर्टिस प्रेअरी’ या नावाने ओळखला जातो.

यावरून आपले गायरान पेटवून द्यावे, असा अर्थ कोणीही घेऊ नये. आपले मारवेल गवत प्रेअरीतील मुख्य गवताच्या नात्यातले असले, तरी आपला पाऊस व ऋतू निराळे आहेत. घेण्याजोगा धडा हा की, आधी मुळे ओळखावीत, लहान वाफ्यावर पडताळा पाहावा, नोंद ठेवावी आणि मगच माळाला हात लावावा. नांगराने माळ एका हंगामात मोडतो. तो पुन्हा उभा करण्यास मात्र माणसाचे आयुष्यही अपुरे पडते.