केस मशीनने जाळले, बोल माझ्या हाताला

त्या मुलीचे केस माझ्या हाताने जळले नाहीत. हे आधी सांगते, मग बाकीचं. वाळूजच्या बजाजनगरात अजून काही घरांत बोललं जातं की या पार्लरवालीचा हात बसलेला नाही, भर लग्नात नवरीच्या बहिणीची बट जाळली. हातावर पोट असलेल्या बाईला असा शिक्का परवडत नाही. ज्याने मशीन विकलं तो मात्र गल्ल्यावर निवांत बसलेला आहे. म्हणून जे मोजलं, जे उघडून पाहिलं आणि कायद्यात जे वाचलं, ते सगळं लिहिते आहे. कमी पैशांत ड्रायर किंवा स्ट्रेटनर घ्यायला निघालेल्या कुणाच्या तरी कामी येईल.

लग्नसराई तोंडावर होती. जुना ड्रायर घरगुती, १००० वॅटचा. कंबरेपर्यंतचे केस वाळवताना हात भरून यायचा. ड्रायर आणि स्ट्रेटनर, दोन्ही वस्तू साडेतीन हजारांत बसवायच्या होत्या. शहरात गुलमंडीच्या बाजूला एका दुकानात गेले. नाव लिहीत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही. “पार्लरसाठी ना ताई, मग हाच न्या. दोन हजार वॅट. शहरातले सलूनवाले हाच नेतात,” म्हणत त्याने सोनेरी अक्षरांचा डबा पुढे सरकवला. सोबत आकडे दाखवणारा स्ट्रेटनर. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “अठरा टक्के वर लागतील,” आणि कोऱ्या कागदावर दोन ओळी खरडून दिल्या. पैसे मी फोनपेने दिले, ते बरं झालं.

लग्न वाळूजजवळच्या पंढरपूरला, मंगल कार्यालयात. नवरीच्या बहिणीचे केस आदल्या दिवशी धुतलेले, पूर्ण कोरडे, सीरम लावलेलं, स्ट्रेटनरच्या डिस्प्लेवर १८०. पातळ बट घेतली आणि मुळाकडून टोकाकडे एका लयीत मशीन ओढलं. कुठेही थांबले नाही. निम्म्यावर आले तोच चर्र झालं, धूर निघाला, खोलीभर वास सुटला. टोकं गोळा होऊन कडक झाली होती. मुलगी रडायला लागली. तिच्या आईने सगळ्यांदेखत विचारलं, “शिकलीस कुठं गं तू?” मी मशीन पुढे धरलं, काकू, बघा तरी, १८० लिहिलंय. कोण ऐकतंय! त्या दिवशीची मजुरी गेलीच, पण त्या घराच्या ओळखीतली पुढची कामंही गेली.

माझे धाकटे दीर कंपनीत मेंटेनन्सला आहेत. ते म्हणाले, “वहिनी, आकडा लिहिलेला असणं वेगळं आणि प्लेट तेवढी तापणं वेगळं. मोजून बघू.” सुट्टीच्या दिवशी त्यांनी थर्मोकपल लावता येणारा मीटर आणि क्लॅम्प मीटर आणला. स्ट्रेटनर १८० वर लावला. डिस्प्लेवर १८० आले, स्थिर झाले. थर्मोकपलची तार वरच्या प्लेटला टेकवली. आकडा १८० ओलांडून गेला, २०० ओलांडून गेला, २३८ ला थांबला. खालच्या प्लेटवर १९६. एकाच मशीनच्या दोन प्लेटांत बेचाळीस अंशांचा फरक, आणि डिस्प्ले ढिम्म, १८० च दाखवतोय. मग १५० वर लावला. वरची प्लेट तरी २३० च्या पुढेच. त्या डिस्प्लेचा आणि प्लेटच्या तापमानाचा काही संबंधच नव्हता. नुसते आकडे उजळत होते.

मी तिथेच खाली बसले. इतके दिवस रात्री अंथरुणावर पडले की मी तोच हात पुन्हा आठवत होते, कुठे थांबले का, बट जाड घेतली का. नव्हते थांबले. केसातलं केराटिन दोनशेच्या पुढे झपाट्याने खराब होतं, आणि मी २३८ अंशांची पट्टी एका पोरीच्या केसांवरून फिरवत होते, कारण एका माणसाने मला ती १८० ची म्हणून विकली होती.

मग ड्रायर. क्लॅम्प मीटर दोन तारांच्या केबलवर लावून चालत नाही, एकच तार मधून जावी लागते, म्हणून दिरांनी एक्स्टेन्शन बोर्डाची एक तार मोकळी केली. व्होल्टेज २२६ होतं. फुल स्पीड, फुल हीट. ४.१ अँपिअर. गुणाकार करा, ९२७ वॅट. खऱ्या २००० वॅटच्या ड्रायरने २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घ्यायला हवेत. म्हणजे मी बदलायला निघालेला जुना ड्रायर आणि हा नवा ‘प्रोफेशनल’, दोघं जवळपास सारखेच. स्क्रू काढून उघडला. ड्रायरमध्ये अभ्रकाच्या पत्र्यांवर नायक्रोमची कॉईल गुंडाळलेली असते आणि तिच्याजवळ, जास्त तापलं की करंट तोडणारी दोन धातूंची छोटी पट्टी असते. बऱ्याच ड्रायरमध्ये थर्मल फ्यूजही असतो. यात दोन्ही नव्हतं. मागची जाळी केसांनी आणि धुळीने तुंबली, हवा कमी झाली, तर हा ड्रायर आपोआप बंद पडला नसता. पेटला असता, आणि तोही माझ्याच हातात.

दोन्ही वस्तू आणि मोबाईलमधले मीटरचे फोटो घेऊन दुकानात गेले. तिथलं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे. पहिलं वाक्य, “ताई, तुमच्या वाळूजला व्होल्टेजच तसलं असतं.” जणू आम्ही वीज नसलेल्या रानात राहतो. याचं उत्तर दिरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. व्होल्टेज उतरलं की हीटर जास्त तापत नाही, कमी तापतो, आणि तोही वर्गाच्या हिशेबाने. २३० चे २०० झाले तर १२०० वॅटचा ड्रायर जेमतेम ९०० वर येतो. आणि व्होल्टेज चढलंच तरी प्लेट ठरल्या अंशाला थांबवणं हेच तर थर्मोस्टॅटचं काम आहे. त्याचेच आपण जास्त पैसे मोजतो. हे ऐकून त्याने गिऱ्हाइकांकडे बघत आवाज चढवला, “पार्लरवाल्यांना वॉरंटी नसते.” आणि शेवटी भिंतीवरच्या पाटीकडे बोट. विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

ही तिन्ही वाक्यं तुम्हालाही ऐकवली जातील.

पाटीचं आधी. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे, कलम २ च्या ४७ व्या उपकलमात. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं त्यात येतं. बिल न देणंही त्यातच येतं. म्हणजे ती पाटी दुकानदाराचं संरक्षण करत नाही, तुमच्या तक्रारीत पुरावा म्हणून लागते. तिचा फोटो काढा, मी काढला. आणि ‘अठरा टक्के वर’ हे सरळ खोटं आहे. डब्यावरची एमआरपी सगळे कर धरूनच छापलेली असते, तिच्यावर जीएसटी लावता येत नाही.

पार्लरच्या वॉरंटीबद्दल मात्र नीट समजून घ्या. तिथे तो अर्धं खरं बोलत होता, आणि अर्धं खरंच माणसाला गप्प करतं. घरगुती मॉडेलच्या वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरांत बऱ्याचदा लिहिलेलं असतं की व्यावसायिक वापर केला तर वॉरंटी लागू नाही. त्यामुळे घरी पार्लर चालवणाऱ्यांनी ते कार्ड विकत घेण्याआधी, काउंटरवरच वाचावं. पण ‘पार्लरवाली ग्राहकच नाही’ हे कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. त्याच कायद्यात स्पष्ट आहे की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूची धरली जात नाही. आपण ग्राहकच आहोत. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आता खरेदीचं. डबा हातात घेतला की वॅटचा मोठा आकडा बघू नका, डबा फिरवा. उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव आणि पूर्ण पत्ता, आयात माल असेल तर कुठल्या देशात बनला, महिना आणि वर्ष, एमआरपी, तक्रारीचा नंबर, हे पाकीटबंद मालावर छापणं बंधनकारक आहे. माझ्या डब्यावर फक्त एक मोबाईल नंबर होता आणि तो लागत नव्हता. आयएसआयची खूण बघा. नामांकित कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेले डबेही काउंटरवर असतात, तेही बघा.

वॅट किती घ्यायचे हे केसांआधी तुमच्या भिंतीतल्या सॉकेटवर ठरतं. साधा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे १३८० वॅटपर्यंत. रांजणगाव-जोगेश्वरीच्या भाड्याच्या खोल्यांत एकाच बोर्डावर टीव्ही, मिक्सर, चार्जर सगळं असतं. तिथे खरा २००० चा ड्रायर लावलात तर बोर्ड वितळेल. अशा घरात १००० ते १२०० चा प्रामाणिक ड्रायर पुरे. तो हजार-दीड हजारात चांगला मिळतो. २००० हवाच असेल तर पॉवर पॉईंट, जाड तीन पिनांची पिन आणि जाड केबल हवी. दुकानात पिन बघूनच निम्मं कळतं: २००० वॅट लिहिलेल्या ड्रायरला बारीक दोन पिनांची पिन असेल तर आकडा खोटा. वजनही बघा. सलूनच्या एसी मोटरचा ड्रायर हाताला जड लागतो. हलक्या ड्रायरमध्ये छोटी डीसी मोटर असते. ती घरी चालते, दिवसभराच्या कामाला टिकत नाही. १२०० वॅटपर्यंतच्या ड्रायरला दोनच पिना असल्या तर घाबरू नका, फक्त अंगावर चौकोनात चौकोन अशी खूण आहे का बघा. ती दुहेरी इन्सुलेशनची.

थंड हवेचं बटण हवंच. मागची जाळी काढून धुता आली पाहिजे. ‘आयोनिक’ या शब्दासाठी पाचशे रुपये जास्त देऊ नका, माझं स्पष्ट मत आहे.

ड्रायर केसांपासून वीतभर लांब धरा आणि हलता ठेवा. २०११ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी केसांवर तपासून पाहिलं होतं: १५ सेंटिमीटरवरून केसांपर्यंत हवा सुमारे ४७ अंशांची पोचते, ५ सेंटिमीटरवरून ९५ अंशांची. आपल्याकडे बोअरच्या क्षारांच्या पाण्याने केस आधीच राठ होतात, त्यात जवळून गरम हवा मारली की संपलं.

स्ट्रेटनरला अंश बदलता यायलाच हवेत. एकाच ठरावीक तापमानाची मशीनं स्वस्त पडतात, पण बारीक किंवा रंगवलेल्या केसांना ती फार कडक जातात. अशा केसांना १५०-१६०, साधारण केसांना १७० ते १८५, फार जाड कुरळ्यांना २०० पर्यंत. २३० लिहिलेलं मशीन जास्त चांगलं असा समज काढून टाका. मशीन मिटून उजेडाकडे धरा; दोन प्लेटांमध्ये फट दिसली तर ठेवून द्या. बोटाने दाबल्यावर प्लेट किंचित दबली पाहिजे, कडांना केस अडकता कामा नयेत. केबल बुडाशी फिरती हवी, तिथेच ती आधी तुटते. आणि दर वेळी आधी पांढऱ्या टिश्यू पेपरवर दाबून बघा. १८० वर कागद पिवळा-तपकिरी पडत असेल तर मशीन खोटं बोलतंय. मीटर कुणाच्या घरी नसतो, टिश्यू पेपर असतो. ओल्या केसांवर स्ट्रेटनर कधीच नाही. आतल्या पाण्याची वाफ होऊन केस पोखरला जातो.

बाथरूममध्ये ड्रायर नेऊ नका. अमेरिकेत ड्रायर पाण्यात पडला तर करंट तोडणारी यंत्रणा पिनेतच असते, १९९१ पासून तिथे ती ड्रायर चालू असो की बंद, दोन्ही वेळी संरक्षण देते. आपल्याकडे ती पिनेत नसते, म्हणून मीटरजवळ ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. ड्रायर नाही घेतलात तरी बसवा.

ऑनलाइन घेणाऱ्यांनी कंपनीचं नाव बघून थांबू नये, विक्रेता कोण तेही बघावं. डबा उघडताना व्हिडिओ काढा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायला आणि महिन्याभरात निवारण करायला हवं. घाई करू नका, चार ठिकाणी भाव विचारा, हेही आहेच.

माझं पुढे असं झालं. कच्च्या कागदावर दुकानाचं नाव नव्हतं, पण फोनपेच्या नोंदीत ते आलं होतं. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नंबर त्याला पाठवला. तेव्हा कुठे ‘ताई’ पुन्हा सुरू झालं. आधी म्हणाला, बदलून नेता का, त्याच डब्यातला दुसरा देतो. मी नाही म्हटलं. मग ड्रायरचे पैसे परत आले. स्ट्रेटनरचे देत नाही, “तो तर चालतोय ना” म्हणतो. चालतोच आहे, २३८ वर.

तक्रार लिहून तयार आहे. ई-जागृती पोर्टलवर ती घरबसल्या भरता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. थर्मोकपलचा फोटो, भिंतीवरच्या पाटीचा फोटो आणि फोनपेची नोंद जोडली आहे. जळलेल्या बटेचाही फोटो हवा होता. तो त्या मुलीच्या आईकडे आहे, आणि ती अजून माझा फोन उचलत नाही.