पावसाळ्याचे जळण : चूल का धुमसते?

थळ हे अलिबागच्या उत्तरेला, समुद्राला लागून असलेले गाव. समोर पाण्यात खांदेरी आणि उंदेरी हे दोन जलदुर्ग, किनाऱ्यावर सुरूची झाडे आणि मागे नारळी-पोफळीच्या वाड्या. मे महिना लागला की येथे आगोटीची तयारी सुरू होते. सुकी मासळी, मसाला, मीठ, कडधान्ये यांच्याबरोबर आणखी एका वस्तूची बेगमी करावी लागते. ती वस्तू म्हणजे लाकूडफाटा. थळला १९८५ पासून नैसर्गिक वायूपासून खत तयार करणारा मोठा कारखाना आहे, स्वयंपाकाचा गॅसही घरोघर पोचला आहे. तरी पुष्कळ घरांत आंघोळीचे पाणी आणि तांदळाच्या भाकऱ्या यांसाठी चूल पेटतेच.

आता एक प्रश्न. चूल तीच, झाडही तेच. मग मे महिन्यात भडभडून जळणारे लाकूड जुलैत का धुमसते? "लाकूड दमट असते, त्यातील पाण्याची वाफ करण्यात उष्णता खर्च होते," असे उत्तर तुम्ही द्याल. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. किती अपुरे, ते हिशेब करून पाहू.

हिशेब काय सांगतो?

पूर्ण कोरडे लाकूड, मग ते कोणत्याही झाडाचे असो, एका किलोला साधारण ४,३०० किलोकॅलरी उष्णता देते. सुरूचे लाकूड आंब्यापेक्षा चांगले म्हणतात, कारण ते घट्ट असते. तेवढ्याच आकाराच्या तुकड्यात लाकडाचे वजन अधिक भरते. किलोमागे मात्र दोघांत फारसा फरक नाही. खरा फरक पडतो तो पाण्यामुळे.

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. असे एक किलो लाकूड घेऊ. त्यात ५०० ग्रॅम कोरडे लाकूड, म्हणजे २,१५० किलोकॅलरी. राहिलेले ५०० ग्रॅम पाणी ३० अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास प्रत्येक ग्रॅमला ७० कॅलरी आणि त्याची वाफ करण्यास ५४० कॅलरी, अशा एकूण ६१० कॅलरी लागतील. म्हणजे ३०५ किलोकॅलरी पाण्यातच गेल्या. हाती उरल्या १,८४५.

आता चांगले वाळलेले एक किलो लाकूड घ्या. त्यात १५० ग्रॅम पाणी आहे असे धरू. ८५० ग्रॅम कोरड्या लाकडाच्या ३,६५५ किलोकॅलरींतून सुमारे ९२ वजा जातील. उरतील ३,५६३. म्हणजे वजनावर ओले लाकूड विकत घेणाऱ्याला किलोमागे जवळजवळ निम्मीच उष्णता मिळते. निम्मे पैसे त्याने पाण्यासाठी मोजले!

परंतु हिशेबात एक गंमत दडलेली आहे. ओल्या लाकडातील पाण्याची वाफ करण्यात त्याच्या उष्णतेचा फक्त सातवा हिस्सा गेला. बाकीचे सहा हिस्से चुलीत मिळायला हवेत. प्रत्यक्षात फुंकणीने फुंकून डोळे लाल होतात, तरी पातेले तापत नाही. हे सहा हिस्से जातात कुठे?

धूर म्हणजे काय?

एक मेणबत्ती पेटवा. वात चांगली तापली की फुंकर घाला. वातीतून पांढरट धुराची रेघ वर जाईल. लगेच पेटती काडी त्या धुरात, वातीपासून थोडी वर धरा. ज्योत धुरावरून खाली उडी घेते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. (हा प्रयोग घरातील मोठ्या माणसांसमोर करावा.) धूर पेटला, म्हणजे तो इंधनच होता.

लाकडाचेही तसेच आहे. लाकूड सुमारे अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे तापले की त्याचे विघटन होऊन ज्वालाग्राही वायू आणि डांबरासारख्या पदार्थांची वाफ बाहेर पडते. कोरड्या लाकडाचा वजनाने सुमारे तीन-चतुर्थांश भाग असा उडून जातो; उरतो तो कोळसा. चुलीतील ज्वाळा म्हणजे हे वायू जळताना दिसणारे दृश्य होय. हे वायू नीट जळण्यासाठी सुमारे सहाशे अंश किंवा त्याहून अधिक तापमान आणि पुरेशी हवा लागते.

लाकडातील पाणी नेमके येथे आड येते. जोपर्यंत तुकड्यात पाणी आहे, तोपर्यंत तो भाग शंभर अंशांच्या फारसा वर चढत नाही. बाहेर पडणारी वाफ ज्वाळेला थंड करते. वायू निघतात, पण पेटण्याइतके तापत नाहीत. ते तसेच निसटतात, भांड्याच्या बुडाला काजळी म्हणून बसतात आणि स्वयंपाकघरात धूर होऊन पसरतात. हरवलेली उष्णता ती हीच. पाणी स्वतः थोडी उष्णता खाते. त्याहून कितीतरी अधिक उष्णता ते न जळताच बाहेर घालविते.

हे नुकसान केवळ पैशाचे नाही. अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते डोळ्यांना झोंबतात आणि फुप्फुसांत खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरगुती इंधनाच्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली मृत्यू पावली. चुलीपुढे सर्वांत जास्त वेळ घरातील बाई बसते आणि तिच्या मांडीवर तान्हे मूल असते, हे ध्यानात घ्या.

लाकूड वाळते कसे?

झाडाच्या खोडात पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या उभ्या दिशेने असतात. त्यामुळे लाकडातील पाणी रेषांच्या दिशेने, आडव्या दिशेपेक्षा सुमारे दहा ते पंधरा पट वेगाने सरकते. सालीतून तर ते मुश्किलीनेच बाहेर येते. सालीसकट ठेवलेला लांब ओंडका महिनोन् महिने आतून ओला राहतो तो यामुळे. म्हणून पहिला नियम : लाकूड हातभर लांबीचे कापावे आणि कुऱ्हाडीने किंवा पाचर ठोकून मनगटाएवढ्या जाडीच्या फोडी कराव्यात. टोके वाढतात, उघडा पृष्ठभाग वाढतो आणि पाण्याला जवळची वाट मिळते.

दुसरा नियम रचण्याचा. फोडी जमिनीवर थेट न ठेवता दगड किंवा आडवी लाकडे घालून त्यांवर, मध्ये फटी ठेवून रचाव्यात. दुपारी समुद्राकडून येणारा वारा या फटींतून खेळला पाहिजे. उन्हाइतकेच काम वारा करतो. फोडींभोवती साठलेली दमट हवा तो हलवितो.

किती वाळले की पुरे? लाकूड भोवतालच्या हवेशी समतोल साधते. उन्हाळ्यात सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असेल, तर शंभर ग्रॅम लाकडात ११-१२ ग्रॅम पाणी उरते. पावसाळ्यात आर्द्रता ८५ ते ९० टक्के झाली तरी हा आकडा १५ ते १७ ग्रॅमच्या फार पुढे जात नाही. याचा अर्थ नीट पाहा. चांगले वाळलेले लाकूड पडवीत, पागोळ्या व झड यांपासून दूर ठेवले, तर ते जुलैतही जळण्याजोगे राहते. दमट हवा त्याला बिघडवीत नाही. पावसाचे थेंब आणि जमिनीची ओल बिघडविते. उलट, मे अखेरीस आणलेले ओले लाकूड पावसाळ्यात वाळत नाही, कारण तेव्हाची हवा त्याचे पाणी घ्यायला फारशी तयार नसते. त्याला बुरशी मात्र येते. म्हणून पावसाळ्याच्या जळणाची तोड दिवाळीनंतर लवकर व्हावी आणि वाळवण मार्च-एप्रिलमध्ये पुरे व्हावी.

वाड्यांत मिळणाऱ्या झावळ्या, पोया, करवंट्या यांचाही उपयोग होतो. त्या लवकर वाळतात व पेटवणाला उत्तम. खाडीकाठच्या कांदळवनाला मात्र हात लावू नये. महाराष्ट्रातील कांदळवनांच्या तोडीला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली आहे.

चूल आणि धुराडे

एक किलो कोरडे लाकूड पूर्ण जळण्यास सुमारे सहा किलो, म्हणजे साधारण पाच घनमीटर हवा लागते. चुलीचे तोंड लाकडांनी गच्च भरले तर ही हवा येणार कोठून? म्हणून लाकडे थोडी घालून पुढे सारीत जावे. खाली लोखंडी जाळी बसविली तर निखाऱ्यांना खालूनही हवा मिळते आणि राख पडून जाते.

धूर बाहेर नेण्यासाठी धुराडे हवे. ते हवा ओढते कसे? तीन मीटर उंचीचे धुराडे घेऊ. बाहेर ३० अंशांची हवा घनमीटरला सुमारे १.१६ किलो भरते. आत १५० अंशांचा वायू सुमारे ०.८३ किलो. फरक ०.३३ किलो. याला गुरुत्वत्वरण ९.८ आणि उंची ३ यांनी गुणले की दाब येतो सुमारे ९.७ पास्कल. पाण्याच्या स्तंभात हा दाब किती? जेमतेम एक मिलिमीटर! एवढ्याशा दाबावर सारे काम चालते. म्हणूनच जोडांतील फटी, अनेक वाकणे किंवा आत साठलेली काजळी एवढ्यानेही धूर परत घरात येतो. धुराडे सरळ असावे, त्याचे तोंड आढ्याच्या वर निघावे, त्यावर पावसासाठी टोपी असावी. लाकडी वाशांपासून व झापांपासून ते दूर ठेवावे आणि ठरावीक काळाने आतून झाडावे.

अशा चुलींचा प्रयत्न जुनाच आहे. १९५३ मध्ये हैदराबादचे अभियंता एस. पी. राजू यांनी धुराड्याच्या चुलीवर पुस्तिका प्रसिद्ध केली. १९८० नंतरच्या दशकात भारत सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि तो २००२ पर्यंत चालला. त्या चुलींपैकी पुष्कळ पुढे बंद पडल्या. डागडुजी व सफाई यांची सोय नसणे हे त्याचे एक मोठे कारण होते.

शिवाय धुराडे धूर जाळीत नाही, फक्त त्याची जागा बदलते. दाट वस्तीत तो शेजारच्या खिडकीत जातो. कोरडे लाकूड मात्र मुळात धूरच कमी करते. गॅस परवडत असेल तर तोच उत्तम. पण चूल पेटवायचीच असेल, तर तिची निम्मी मांडणी उन्हाळ्यात, लाकडाच्या ढिगाजवळ होते.

एक धोक्याची सूचना : पाऊस आहे म्हणून दारे-खिडक्या बंद करून खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो प्राणघातक आहे.

करून पाहा

१. एकाच ताज्या फांदीचे सारख्या लांबीचे दोन तुकडे घ्या. एक तसाच ठेवा, दुसऱ्याच्या चार फोडी करा. दर रविवारी दोहोंचे वजन करून आलेख काढा. वजन घटणे थांबले की लाकूड हवेशी समतोलात आले.

२. दोन वाळक्या फोडी एकमेकींवर आपटा, मग दोन ओल्या. आवाजातील फरक टिपा. वाळक्या फोडींच्या टोकांना चिरा दिसतात का?

३. पाच लिटर पाणी ३० पासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ३५० किलोकॅलरी लागतात. चुलीतील उष्णतेपैकी १२ टक्केच भांड्यात पोचत असेल, तर वरील वाळलेले लाकूड किती लागेल? (उत्तर : सुमारे ८२० ग्रॅम.) भांडे झाकल्यास हा आकडा कमी का होईल?