दृष्टिदोष आणि लेसर शस्त्रक्रिया : निवडीचे अर्थशास्त्र

निकटदृष्टितेत प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते. डोळ्याच्या पुढील पारदर्शक भागाचा, म्हणजे पारपटलाचा, मध्य किंचित सपाट केल्यास ती योग्य ठिकाणी सरकते. लेसर शस्त्रक्रियेचे प्रमुख प्रकार याच तत्त्वावर उभे आहेत. पारपटलात कोणत्या वाटेने शिरावयाचे, हा त्यांतील मुख्य भेद होय.

पीआरके पद्धतीत वरचा पातळ थर काढून एक्सायमर लेसर सोडतात. (हा लेसर ऊतक न जाळता सूक्ष्म छेद घेतो, हे १९८१ मध्ये दाखविणाऱ्यांत भारतात जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन होते.) सुरुवातीचे दिवस वेदनेचे असतात आणि दृष्टी सावकाश स्थिरावते. लॅसिकमध्ये पारपटलाची एक पातळ झडप उचलून आत लेसर चालवितात व झडप पुन्हा बसवितात. दुसऱ्याच दिवशी बहुधा स्पष्ट दिसते. स्माइल पद्धतीत झडप नसते. आतल्या आत कोरलेली चकती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात.

आता हिशेब पाहू. एका डायॉप्टरसाठी सुमारे १५ मायक्रॉन ऊतक जाते असे धरू. पारपटल ४८० मायक्रॉन, झडप ११० आणि चष्म्याचा क्रमांक उणे ८ असल्यास खाली उरतात २५० मायक्रॉन. म्हणजे सर्वसाधारणपणे किमान मानली जाणारी मर्यादा. पारपटल पातळ असल्यास पीआरकेचा विचार होतो, तो यामुळेच. मार लागण्याचा संभव असलेल्या व्यवसायांतही झडप नसणे हिताचे ठरते.

काही महिन्यांनंतर मिळणारी दृष्टी तिन्ही पद्धतींत बहुतांशी सारखीच असते. मग दरांतील तफावत कशाची? प्रामुख्याने यंत्राच्या किमतीची आणि लवकर कामावर परतण्याच्या सोयीची. मात्र रुग्णाला हे ठाऊक नसते. शिवाय पात्रता ठरविणारा आणि सेवा विकणारा बहुधा एकच असतो. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये आरोग्यसेवेच्या बाजारातील अनिश्चिततेचे विवेचन केले, त्यातील माहितीच्या विषमतेचे हे ठळक उदाहरण आहे. विमाही येथे फारसा उपयोगी पडत नाही : भारतातील आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांनुसार ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी दोषावरील उपचारांचा खर्च वगळता येतो.

लाभाचा कालावधीही मोजावा लागतो. चाळिशीनंतर वाचनासाठी लागणारा चष्मा या शस्त्रक्रियांनी टळत नाही. स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांसाठी आणखी एक खर्च संभवतो : सेवाभरतीच्या वैद्यकीय अटी सेवेनुसार भिन्न असून काही सेवांत ही शस्त्रक्रियाच अपात्रतेचे कारण ठरते. त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख ठरविण्याआधी संबंधित सेवेची चालू अधिसूचना वाचणे आवश्यक आहे.